ओला दाणा वरच ठेवावा: फळबाजारात नव्याने बसणाऱ्या बागवानासाठी

मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहंमद (स.) एका धान्याच्या राशीजवळ थांबले, त्यांनी राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली. विचारल्यावर व्यापारी म्हणाला की पाऊस लागला. तेव्हा त्यांनी त्याला विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि पुढे सांगितले की जो फसवतो तो माझा नव्हे. ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहात आलेली ही हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचन-आचरणाची ही नोंद, बहुतेकांनी ऐकलेली असते, परंतु तिच्यातील एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. ओले धान्य विकू नकोस, असे प्रेषितांनी त्या व्यापाऱ्याला म्हटले नाही. त्यांनी केवळ त्याची राशीतली जागा बदलायला सांगितली. इस्लामी व्यापारनीतीचे बरेचसे नियम या एका जागेच्या बदलातून उलगडतात, आणि फळांच्या धंद्यात तर दररोज सकाळी पहिला क्रेट उघडताना हाच प्रश्न समोर येतो.

हा लेख महाराष्ट्रातील फळबाजारात नव्याने गाळा, हातगाडी किंवा आठवडी बाजारातील जागा घेणाऱ्या तरुणांसाठी आहे. पुणे, सोलापूर, कोल्हापूर, वाशी अशा ठिकाणी बागवान घराण्यांनी हा धंदा पिढ्यान्पिढ्या केलेला आहे, त्यामुळे माल ओळखणे, भाव पाडून घेणे, उरलेला माल संध्याकाळी काढणे हे सारे घरातच शिकायला मिळते. व्यवहाराचे शरई, म्हणजे इस्लामी कायद्याचे, नियम मात्र घरात तितक्या नीट शिकवले जात नाहीत. खलिफा उमर यांचे एक वचन ‘तिर्मिजी’ या संग्रहात आहे, की ज्याला धर्माची समज आहे त्यानेच आमच्या बाजारात विक्री करावी. त्या अर्थाने हे शिक्षण तराजू घेण्याच्या आधीचे आहे.

आधी आपला मजहब ओळखावा

मजहब म्हणजे इस्लामी कायद्याचा संप्रदाय. देशावरील बहुतेक मुस्लिम कुटुंबे हनफी मजहबाची आहेत, तर कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफई आहेत. नमाजातील फरक सर्वांना ठाऊक असतात, परंतु व्यवहारातही फरक आहेत आणि ते बाजारात प्रत्यक्ष आडवे येतात. ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या दोन्ही संग्रहांतील हदीस सांगते की सौदा करणाऱ्या दोघांना वेगळे होईपर्यंत तो मोडण्याचा अधिकार आहे, आणि दोघे खरे बोलले व दोष सांगितला तर त्या सौद्यात बरकत असते. शाफई मत असे की ‘वेगळे होणे’ म्हणजे दोघांनी ती जागा सोडणे, तर हनफी मतानुसार बोलणे पक्के होताच दोघे वेगळे झाले. म्हणजे रत्नागिरीचा माल आणणारा शाफई आणि सोलापूरचा हनफी घेणारा एकाच पेटीवर उभे असतील, तर सौदा कोणत्या क्षणी बांधला गेला याविषयी त्यांची समजूत वेगळी असू शकते. अशा वेळी समोरच्याला अधिक मोकळीक देणारे मत धरावे, असे माझे मत आहे, कारण त्यात कोणाचेही नुकसान होत नाही. एखादा जाणता मुफ्ती किंवा मौलाना आधीच गाठून ठेवावा आणि शंका सौद्यापूर्वी विचारावी. पैसे हातात आल्यानंतर विचारलेल्या प्रश्नात माणूस नकळत आपल्याला हवे ते उत्तर शोधू लागतो.

भांडवल कसे उभारावे

कुरआनातील सूरह बकरामध्ये (२:२७५) अल्लाहने व्यापार हलाल आणि व्याज हराम केल्याचे स्पष्ट वचन आहे, त्यामुळे रोज सकाळी हजार देऊन संध्याकाळी अकराशे परत मागणाऱ्या सावकाराच्या पैशावर धंदा सुरू करता येत नाही, मग तो सावकार कितीही जवळचा असो. त्याऐवजी मामा, काका किंवा ओळखीचा व्यापारी पैसे देईल आणि तुम्ही मेहनत कराल, असा मुदारबतचा करार करावा. यात नफ्याचे प्रमाण आधी ठरते, उदाहरणार्थ निम्मा-निम्मा किंवा साठ-चाळीस, परंतु ‘महिन्याला पाच हजार द्यायचेच’ अशी ठरीव रक्कम लिहिली की तो करार बिघडतो. तुमच्या निष्काळजीपणाशिवाय तोटा झाला तर तो भांडवल देणाऱ्याचा असतो आणि तुमची मेहनत वाया जाते. हे वाक्य कागदावर लिहून दोघांनी सही करावी, कारण नात्यातले बहुतेक भांडण तोट्याच्या पहिल्याच हंगामात याच मुद्द्यावर सुरू होते.

खरेदी: बाग, वाट आणि लिलाव

या धंद्यातला सर्वांत अवघड भाग येथे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आंब्याची बाग मोहोरावर असताना ती ठोक रकमेला घेण्याची चाल जुनी आहे. घेणारा व्यापारी फवारणी करतो, राखण बसवतो आणि फळ उतरले की नेतो. पाऊस अवेळी आला, तुडतुडे पडले किंवा मोहोर गळला, तर कोणीतरी बुडतो. अरबस्तानात खजुराच्या बागांबाबत हेच घडत असे. प्रेषितांनी फळाची पक्वता दिसू लागेपर्यंत त्याची विक्री करण्यास मनाई केली, आणि प्रेषितांचे सहाबी, म्हणजे सहकारी, अनस यांच्या कथनात त्यामागचे कारणही आले आहे, की अल्लाहने फळच दिले नाही तर तू आपल्या भावाचे पैसे कशाच्या बदल्यात घेशील. फळ धरण्याआधी केवळ मोहोरावर त्या हंगामाचे फळ विकणे चारही सुन्नी मजहबांत ग्राह्य नाही. फळ धरल्यानंतर पण पिकण्याआधी घेतले, तर हनफी मतानुसार ते लगेच उतरवून घ्यायच्या बोलीवर चालते, परंतु ‘पिकेपर्यंत झाडावर राहील’ अशी अट घातली की सौदा दूषित होतो.

मग करावे काय? दोन वाटा आहेत, आणि मजहबानुसार त्यांची सोय उलटसुलट आहे. पहिली वाट मुसाकातची. बागमालकाने झाडे द्यावीत, तुम्ही पाणी, फवारणी, राखण करावी आणि उतरलेले फळ ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावे. खैबरच्या खजूरबागा प्रेषितांनी तेथील यहुद्यांकडे निम्म्या उत्पन्नावर सोपवल्या होत्या, हा याचा आधार आहे. हनफी मजहबाचे संस्थापक इमाम अबू हनीफा यांना स्वतःला हे मान्य नव्हते, तरी त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहंमद यांनी ते ग्राह्य मानले आणि हनफी फतवा त्यांच्याच मतावर आहे. शाफई मजहबात मात्र हा करार मुळात खजूर आणि द्राक्षापुरता धरला जातो आणि इतर झाडांविषयी मतभेद आहेत, म्हणून कोकणातील आंब्यासाठी आपल्या आलिमांना विचारूनच पुढे जावे.

दुसरी वाट सलमची, म्हणजे आधी पैसे देऊन माल नंतर घेण्याच्या सौद्याची. मदिनेत लोक खजुरासाठी एक-दोन वर्षे आधी पैसे देत असत. प्रेषितांनी ते बंद केले नाही, पण माप ठरलेले असावे, वजन ठरलेले असावे आणि मुदत ठरलेली असावी, अशी अट घातली. पूर्ण किंमत सौद्याच्या बैठकीतच द्यावी लागते, आणि माल कोणत्याही एका विशिष्ट बागेचा म्हणून ठरवता येत नाही. ‘अमुक वजनाचा, अमुक प्रतीचा हापूस, पाच डझनी शंभर पेट्या, अमुक तारखेला अमुक ठिकाणी’ असे लिहायचे, आणि विकणाऱ्याने तो कोठूनही आणून द्यायचा. शाफई मताप्रमाणे देण्याच्या दिवशी तो माल बाजारात मिळत असला की पुरते. हनफी मताप्रमाणे तो सौद्याच्या दिवसापासून देण्याच्या दिवसापर्यंत बाजारात उपलब्ध असला पाहिजे, त्यामुळे डिसेंबरमध्ये एप्रिलच्या हापूसचा सलम हनफी व्यापाऱ्याला अवघड जातो.

आणि बाग घेतल्यावर गारपीट झालीच तर? सहाबी जाबिर यांच्या कथनात आहे की भावाला फळ विकले आणि त्यावर आपत्ती आली, तर त्याच्याकडून काही घेणे तुला हलाल नाही. मालिकी मजहबाने एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक नुकसान झाल्यास किंमत कमी करणे बंधनकारक मानले, तर हनफींनी ती सोडून देणे उत्तम आचरण मानले. तुम्ही घेणाऱ्याच्या जागी असा किंवा देणाऱ्याच्या, ही गोष्ट करार करतानाच बोलून घ्यावी. गारा पडून गेल्यावर ती बोलणे फार कठीण असते.

यानंतर वाटेतली खरेदी. बाजारात येणाऱ्या काफिल्यांना वाटेत गाठून माल घेण्यास प्रेषितांनी मनाई केली होती, आणि बाजारात पोचल्यावर त्या विक्रेत्याला सौदा मोडण्याचा अधिकार दिला होता. यामागचे कारण असे की वाटेतल्या माणसाला बाजारभाव ठाऊक नसतो. आज शेतकऱ्याच्या हातात मोबाईल आहे, त्यामुळे बांधावर जाऊन माल घेणे आपोआप चुकीचे ठरत नाही. परंतु काल रात्री वाशीत भाव चढला हे तुम्हाला कळले असेल, शेतकऱ्याला कळले नसेल, आणि तुम्ही ते पोटात ठेवून जुन्या भावाने डाळिंब उचलले, तर हदीसमध्ये ज्याला मनाई आहे तेच तुम्ही केले. भाव सांगून, वाहतूक आणि हमाली वजा करून दर ठरवावा.

लिलावात आपलाच माणूस उभा करून भाव फुगवणे याला नजश म्हणतात आणि ते स्पष्ट मना आहे, यावर अधिक बोलण्याची गरज नाही. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याच्या जुन्या चालीविषयी मात्र थोडे सांगायला हवे. घेणारा आणि अडत्या यांच्यात रुमालाखाली काय ठरले हे माल आणणाऱ्या शेतकऱ्याला दिसत नाही. अडत्या हा शेतकऱ्याचा वकील, म्हणजे त्याच्या वतीने विकणारा प्रतिनिधी, असतो. त्याची अडत आधी ठरलेली आणि उघड असेल तर ती हलाल कमाई आहे, पण पट्टीवर, म्हणजे हिशोबाच्या पावतीवर, एक भाव लिहून वरचा फरक स्वतःकडे ठेवणे ही अमानतीतील खियानत, म्हणजे विश्वासघात, होते. उर्वा बारिकी या सहाबींना प्रेषितांनी एक दिनार देऊन बकरी आणायला पाठवले होते. त्यांनी एका दिनारात दोन बकऱ्या घेतल्या, एक एका दिनाराला विकली, आणि बकरी व दिनार दोन्ही आणून दिले. प्रेषितांनी त्यांच्या व्यापारात बरकत यावी म्हणून दुआ केली. दुप्पट भावाने झालेल्या नफ्याला येथे कोणीही हरकत घेतली नाही, आणि तो नफा ज्याचा पैसा होता त्याच्या हाती गेला. अडतीचा धंदा करू पाहणाऱ्याने ही हदीस पाठ करावी.

काटा आणि माप

मराठीत आपण ‘मापात पाप’ म्हणतो आणि तराजूशी लबाडी करण्याला ‘दांडी मारणे’ म्हणतो. कुरआनात या पापाच्या नावाने एक सूरहच आहे, ती म्हणजे सूरह मुतफ्फिफीन. तिच्या सुरुवातीच्या आयती नीट वाचाव्यात: घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देताना कमी देतात, त्यांचा नाश असो. येथे केवळ कमी मापावर बोट नाही, तर घेण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे, या भेदावर आहे. शेतकऱ्याकडून घेताना क्विंटलमागे कडता, म्हणजे घटीच्या नावाने वजन, कापायचा, आणि गिऱ्हाइकाला देताना देठ, पाने, कागद सगळे काट्यावर चढवायचे, हे त्या आयतीचे आजचे रूप आहे. खरोखरीची घट येत असेल तर ती किती, हे मोजून, सांगून, दोघांच्या संमतीने दरात धरावी.

प्रत्यक्ष करायच्या गोष्टी अशा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी आणि मुद्रांकनाचे प्रमाणपत्र गाळ्यात दिसेल असे लावावे. रिकामी टोपली किंवा पिशवी ठेवून काटा शून्यावर आणावा, आणि ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर करावे. जुना तराजू असेल तर पासंग, म्हणजे रिकाम्या पारड्यांतील फरक, रोज सकाळी तपासावा. वजन होत आले की हात किंचित सैल सोडावा. एका व्यवहारात मोल घेऊन वजन करणाऱ्या माणसाला प्रेषितांनी सांगितले होते, की वजन कर आणि पारडे झुकू दे. आमच्याकडे जुनी माणसे वजन झाल्यावर वर एक चिकू किंवा दोन बोरे टाकत, ते मला या शिकवणीचेच घरगुती रूप वाटते.

मांडणी आणि बोलणे

आता पुन्हा त्या ओल्या धान्याकडे. पेटीच्या वरच्या थरात मोठे, रंगदार फळ आणि खाली बारीक, हे या धंद्यात इतके सरसकट झाले आहे की अनेकांना त्यात काही वावगेच वाटत नाही. नवख्याने पहिल्या दिवसापासून तीन वाटे करावेत: एकसारखे चांगले फळ, बारीक फळ आणि डागी फळ, आणि तिन्हींचे दर वेगळे ठेवावेत. डागी फळाची टोपली गाळ्याच्या मागे ठेवू नये, पुढे ठेवावी. रसवाले, मुरंबा करणाऱ्या बायका आणि हातावर पोट असलेली माणसे तीच टोपली शोधत येतात, आणि तो माल स्वच्छ मनाने विकला जातो.

नावाच्या बाबतीतही हेच. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कर्नाटकातून आलेला आंबा चांगला असेल तर तो त्याच्याच नावाने विकावा. देवगडच्या रिकाम्या पेटीत भरून विकणे म्हणजे ओले धान्य खाली दडवणेच होय. आंबा आढीत घालून पिकवला असेल तर तसे सांगावे, इथिलीनच्या खोलीत पिकवला असेल तर तसे सांगावे. कॅल्शियम कार्बाइडची पावडर लावणे देशाच्या कायद्याने मना आहे, आणि खाणाऱ्याच्या शरीराला अपाय करणारी वस्तू विकण्यास शरीयतमध्येही जागा नाही.

शपथ घेऊ नये. ‘अल्ला की कसम, खरेदीच इतकी आहे’ हे वाक्य बाजारात दिवसातून शंभरदा ऐकू येते. शपथेने माल खपतो पण बरकत पुसली जाते, असे हदीसमध्ये आहे, आणि ती खोटी असेल तर गुन्हा दुहेरी होतो. खरेदीची किंमत सांगितलीच पाहिजे असे बंधन नाही. पण सांगितली, आणि तिच्यावर अमुक नफा घेतो म्हणून सौदा केला, तर तो विश्वासाचा सौदा ठरतो आणि सांगितलेली किंमत तंतोतंत खरी असावी लागते. भाव विचारणाऱ्या परगावच्या माणसाला किंवा भाव करता न येणाऱ्या लहान मुलाला चढा दर सांगू नये. ज्याने तुमच्यावर विसंबून पिशवी पुढे केली, त्याला लुबाडणे फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदाशास्त्राच्या, ग्रंथांत विशेष निंद्य मानले आहे.

इमाम अबू हनीफा स्वतः कूफ्यात रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांचे चरित्रकार सांगतात की एका कपड्यात दोष होता आणि तो गिऱ्हाइकाला दाखवून विकावा, असे त्यांनी भागीदाराला बजावले होते. भागीदार विसरला, घेणारा कोण होता हेही कळेना, तेव्हा इमामांनी त्या मालाची संपूर्ण रक्कम दान करून टाकली.

परत आलेले फळ

हापूसमधील साका बाहेरून दिसत नाही. देखणे फळ कापले की आत पांढरट, आंबट गर निघतो, आणि विकणाऱ्यालाही ते आधी ठाऊक नसते. जुन्या हनफी ग्रंथांनी अंडी, टरबूज आणि अक्रोड यांच्या उदाहरणांनी हा प्रश्न सोडवलेला आहे. फोडल्यावर वस्तू अगदीच निकामी निघाली तर पूर्ण किंमत परत, आणि काही भाग उपयोगाचा असेल तर दोषापुरती भरपाई. गिऱ्हाइकाने अर्धे कापलेले फळ आणले की त्याच्याशी हुज्जत घालू नये, हा नियम आठवावा. ‘पाहून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही’ अशी पाटी लावून, आपल्याला ठाऊक असलेला दोष लपवता येत नाही. दोष नसतानाही कोणी पस्तावून माल परत आणला, तर तो घेण्याची सक्ती नाही. पण जो असा सौदा परत घेतो त्याची चूक अल्लाह माफ करील, असे हदीसमध्ये आहे, आणि डझनभर मोसंबी परत घेतल्याने गाळा बुडत नाही.

उधारी, मजुरी, जुम्मा

कुरआनातील सर्वांत मोठी आयत (२:२८२) उधारीच्या लिखापढीविषयी आहे: ठरलेल्या मुदतीचा व्यवहार असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा. तेव्हा ‘घरचा माणूस आहे’ म्हणून वही टाळू नये. रोखीचा आणि उधारीचा दर वेगळा ठेवता येतो, मात्र माल उचलतानाच कोणता दर ते पक्के व्हावे. मुदत टळली म्हणून नंतर रक्कम वाढवली की ते व्याज झाले. देणेकरी खरोखर अडचणीत असेल तर सवड द्यावी आणि शक्य असेल तर सोडून द्यावे, असे दोन आयती आधीच (२:२८०) सांगितले आहे.

हमालाची मजुरी माल उतरताच द्यावी. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची हदीस सर्वांच्या तोंडी असते, म्हणून ती शनिवारच्या हिशोबावर ढकलू नये. जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारच्या नमाजची, अजान झाली की काटा बंद करावा आणि नमाज झाल्यावर पुन्हा उघडावा. सूरह जुमुआमध्ये दोन्ही आज्ञा एकामागोमाग आहेत, विक्री सोडा आणि मग पुन्हा जमिनीवर पसरून अल्लाहचा अनुग्रह शोधा.

जकातीची तारीख

जकात म्हणजे इस्लाममधील अनिवार्य वार्षिक दान. तिच्यासाठी पहिल्या हंगामातच चांद्र वर्षातील एक तारीख ठरवावी, जिच्या दिवशी तुमच्याकडील रोख, विक्रीचा माल आणि येणे असलेली उधारी मिळून निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, भरला. भारतात हनफी उलेमा चांदीचा निसाब ६१२.३६ ग्रॅम, म्हणजे साडेबावन्न तोळे धरतात. पुढच्या वर्षी त्याच तारखेला मालाची त्या दिवशीच्या विक्रीदराने किंमत करावी, रोख आणि वसूल होण्याजोगी उधारी मिळवावी, अडत्याचे आणि बागमालकाचे देणे वजा करावे आणि उरलेल्या रकमेवर अडीच टक्के, म्हणजे लाखामागे अडीच हजार रुपये काढावेत. हातगाडी, काटा, क्रेट, गाळ्याचे फर्निचर यांवर जकात नाही. रमजानची वाट पाहू नये. तुमची तारीख सफर महिन्यात पडली तर ती सफरचीच राहते. ती वहीच्या पहिल्या पानावर, धंदा सुरू केल्याच्या तारखेखाली लिहून ठेवावी.